फंड, ईएसआय आणि आधारवरचं नाव : कोल्हापुरात पहिल्यांदा कामाला लागणाऱ्यांसाठी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लागलात की मशीन दाखवायच्या आधी टाइम ऑफिस दाखवतात. तिथला माणूस मान वर न करता विचारतो, "आधार आणलाईस काय? मोबाईल लिंक हाय न्हवं त्याला? आन् बँकेचं पासबुक?" या तीन प्रश्नांना तीनदा "हो" म्हणता आलं तर तुमची फंड आणि ईएसआयची नोंदणी अर्ध्या तासात होते. एकाही ठिकाणी अडखळलात तर तेच काम महिनोन् महिने रेंगाळतं, आणि तोवर तुमच्या नावावर काही जमा होतंय की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं.

चंदगड-आजऱ्याहून आलेला आयटीआयवाला असो, मराठवाड्यातून आलेला हेल्पर असो की लग्न होऊन कोल्हापुरात आलेली आणि पहिल्यांदाच नोकरीला लागलेली बाई असो, अडचण बहुतेक वेळा एकच असते. माणूस खरा असतो, कामही खरं असतं, पण कागदावरचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेचं असतं. म्हणून फंडाची माहिती देण्याआधी मी आधारकडे वळणार आहे. कामावर रुजू व्हायला आठ-पंधरा दिवस असतील तर ते त्यात घाला.

तुम्हाला नक्की काय लागू आहे

वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला फंड, लागू असतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा. ईएसआयला पगाराची मर्यादा आहे : महिना २१,००० रुपयांपर्यंत, दिव्यांग कामगाराला २५,०००. फंडात १५,००० ची मर्यादा ऐकू येते ती वेगळ्या अर्थाने. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याच्या आत असेल तर फंड सक्तीचा. पहिल्यांदाच लागताना त्याच्या वर असेल तर मालक आणि तुम्ही मिळून ठरवायचं.

पूर्वी हे १९५२ च्या फंडाच्या आणि १९४८ च्या ईएसआयच्या कायद्यानं चालायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. वीस आणि दहा हे आकडे तिथेही तेच आहेत. कामगाराच्या दृष्टीने लक्षात ठेवावा असा मोठा बदल म्हणजे 'वेतना'ची व्याख्या. भत्त्यांचा भाग एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त दाखवला, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. मूळ पगार चार-पाच हजार दाखवायचा आणि बाकी सगळं भत्त्यांत घालून फंड कमी कापायचा, ही जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली आहे.

कापलं किती जातं ते एका उदाहरणावरून पाहा. मूळ पगार आणि महागाई भत्ता १४,०००, एकूण पगार १८,०००. फंड १२ टक्के, म्हणजे तुमच्या पगारातून १,६८० रुपये. मालकही तेवढेच भरतो, पण त्याच्या १,६८० पैकी १,१६६ रुपये पेन्शन योजनेत जातात आणि ५१४ तुमच्या फंडात. ईएसआय तुमच्याकडून पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये. मालकाकडून सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५. पगारपत्रकावर याहून फार वेगळे आकडे दिसले तर विचारा. विचारल्यानं कुणी नोकरीवरून काढत नाही. आणि "मालकाचा वाटा पण तुझ्याच पगारातून कापतोय" असं कुणी तोंडावर सांगितलं तर ते सरळ बेकायदेशीर आहे.

एक अपवाद आयटीआयच्या पोरांसाठी. अप्रेंटिस कायद्याखाली करार करून लागला असाल तर त्या काळात फंडही नाही आणि ईएसआयही नाही. पण करार न करताच नुसतं तोंडी 'ट्रेनी' म्हणून मशीनवर उभं केलं असेल तर ती अप्रेंटिसशिप होत नाही. कराराची प्रत मागून घ्या.

पहिली पायरी : आधार

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारमधल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतरच्या काही वर्षांत गावोगावी शाळेत, ग्रामपंचायतीत शिबिरं झाली आणि ऑपरेटरनं ऐकू आलं तसं टाइप केलं. त्या घाईची फळं आज टाइम ऑफिसमध्ये भोगावी लागतात.

आधार कार्ड, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र आणि बँक पासबुक एका ओळीत टेबलावर मांडा. आणि मराठी नाव वाचू नका, इंग्रजी वाचा. मराठीत 'दत्तात्रय' सगळीकडे सारखंच दिसतं. इंग्रजीत एकीकडे शेवटी 'ए' असतो, दुसरीकडे नसतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एका कार्डावर शिवाजी, दुसऱ्यावर शिवाजीराव. पॅनवर वडिलांचं नाव मधे, पासबुकावर नुसतं आद्याक्षर. संगणकाला हे सगळे वेगवेगळे लोक वाटतात.

जन्मतारखेचंही तेच. १ जून हा अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. ज्यांनी आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं त्यांच्या आधारवर १ जानेवारी बसली. दाखल्यावर जून आणि आधारवर जानेवारी असेल तर आत्ताच एक करा. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा फॉर्म भरताना हे निस्तरणं फार जड जातं.

आता कोणतं नाव धरायचं? माझं मत स्पष्ट आहे : दहावीच्या प्रमाणपत्रावरचं धरा आणि बाकी सगळं त्याच्या मागे आणा. दहावी झालेली नसेल तर पॅनवरचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, त्यामुळे "आत्ता काहीतरी करून टाकू, नंतर बघू" हा विचार महागात पडतो. तारखेसाठी जन्मदाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. पूर्ण नावच बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करावी लागते. एखाद्या अक्षराच्या दुरुस्तीला पॅन किंवा मतदार ओळखपत्र बहुधा पुरतं.

लग्न झालेल्या बायकांना घरातून घाई असते, "आधारवर सासरचं नाव लावून घे." कायद्यानं ते सक्तीचं नाही. पॅन, बँक, शिक्षण सगळं माहेरच्या नावावर असेल आणि नोकरी करायची असेल तर तेच नाव ठेवणं सोपं. बदलायचंच असेल तर लग्नाचा नोंदणी दाखला घेऊन आधी आधार, मग पॅन, मग बँक, या क्रमानं आणि एका दमात बदला. अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवलं की फंड काढताना तोंडाला फेस येतो.

मोबाईल नंबर आधारला जोडलेला असणं हे नावाइतकंच महत्त्वाचं. गावाकडं भावाच्या नाहीतर दाजीच्या नंबरवर आधार निघालेलं असतं आणि ओटीपी येतो तेव्हा दाजी उसाच्या फडात असतात. नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, तुम्ही स्वतः आधार केंद्रात जायचं. बऱ्याच बँका आणि मोठ्या पोस्टांत केंद्र असतं, आणि टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमनकडूनही मोबाईल नंबर बदलून मिळतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्ता-मोबाईल अशा दुरुस्तीला ७५ रुपये आणि बोटांचे ठसे, डोळे, फोटो नव्यानं घ्यायला १२५ रुपये असा दर आहे. पावती घ्या. पावतीवरचा नंबर असला की काम कुठवर आलं ते घरबसल्या कळतं, आणि १९४७ या नंबरवर मराठीतही विचारता येतं.

पत्त्याची घाई मात्र करू नका. नवीन माणसाला वाटतं, कोल्हापुरात नोकरी लागली म्हणजे आधारवर कोल्हापूरचा पत्ता पाहिजेच. फंडाला त्यानं काही अडत नाही. खोली अकरा महिन्यांच्या करारावर असते, पुढच्या वर्षी तुम्ही उचगावहून सरनोबतवाडीला गेलेले असता. गावचा पत्ता राहू दे.

दुसरी पायरी : यूएएन, तोही स्वतःच्या फोनवर

यूएएन म्हणजे फंडाचा बारा आकडी नंबर. तो जन्मभर एकच. कंपनी बदलली की त्याखालचा खाते क्रमांक बदलतो, यूएएन नाही. यापूर्वी कुठे दोन महिने जरी काम केलं असेल, पुण्याला सुट्टीत, इचलकरंजीच्या एखाद्या सूतगिरणीत, तर तुमचा यूएएन कदाचित निघालेलाच आहे. नव्या ठिकाणी ११ नंबरचा फॉर्म भरताना "आधी फंड होता का" या प्रश्नाला खरं उत्तर द्या. दोन यूएएन झाले की पेन्शनची वर्षं दोन तुकड्यांत विभागली जातात.

नवा यूएएन पूर्वी कंपनी काढायची. १ ऑगस्ट २०२५ पासून तो चेहरा दाखवून उमंग या सरकारी ॲपवरच काढावा लागतो. नेपाळ-भूतानचे नागरिक आणि आंतरराष्ट्रीय कामगार वगळता सगळ्यांना हेच. ते असं करा :

१. फोनवर उमंग आणि आधार फेसआरडी ही दोन ॲप घ्या. दोन्ही फुकट आहेत. फेसआरडी उघडून दिसत नाही, ते मागे आपलं काम करतं.

२. उमंगमध्ये ईपीएफओ, म्हणजे फंड सांभाळणारी सरकारी संघटना, शोधा आणि चेहऱ्याच्या ओळखीवरून यूएएन मिळवणं व सुरू करणं ही सेवा निवडा.

३. आधार नंबर आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर घाला, संमतीच्या चौकटीत खूण करा, ओटीपी टाका.

४. कॅमेरा सुरू होईल. टोपी, गॉगल, तोंडावरचा रुमाल काढा, उजेडाकडे तोंड करून उभे राहा आणि डोळ्यांची उघडझाप करा. फौंड्रीच्या शेडमध्ये हे जमत नाही. गेटबाहेर चहाच्या टपरीजवळ सावलीत जमतं.

५. माहिती आधारशी जुळली की यूएएन एसएमएसनं येतो आणि त्याच वेळी सुरूही होतो. त्याचं कार्ड उतरवून घ्या आणि नंबर टाइम ऑफिसला द्या.

चेहऱ्याच्या या पद्धतीवर पुष्कळ जण कुरकुरतात, पण मोल्डिंगला आणि फेटलिंगला काम करणाऱ्यांना ती सोयीची आहे. वाळूनं आणि ग्राइंडरनं बोटांच्या टोकांवरच्या रेघा गुळगुळीत होतात. ठसा घेणाऱ्या मशीनवर तीन-तीन बोटं दाबून बघायची, पुसून परत दाबायची, शेवटी ऑपरेटर म्हणणार "हात धुऊन या". हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना कॅमेरा बरा वाटतो. चेहराही जुळत नसेल तर आधारवरचा फोटो फार जुना असण्याची शक्यता मोठी. शाळेत असताना काढलेला फोटो आणि आजची दाढी यांचा मेळ बसत नाही. मग १२५ रुपये भरून फोटो नवा करा.

साधा फोन असेल तर मित्राच्या फोनवरून हे करता येतं, पण ओटीपी तुमच्याच नंबरवर आला पाहिजे. इथं एक सावधगिरी. नेटकॅफेत गेलात तर तो प्रिंटचे, फॉर्मचे पैसे घेईल, त्यात गैर काही नाही. पण ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर, म्हणजे फंडाच्या वेबसाइटवर, त्याचा मोबाईल नंबर किंवा त्याचा ईमेल घालू देऊ नका आणि पासवर्ड स्वतः टाका. "माझाच घालतो, तुम्हाला परत परत यायला नको" हे वाक्य ऐकलं की उठा. पुढं पासवर्ड बदलायची वेळ आली की तुमच्या फंडाच्या किल्ल्या त्याच्या खिशात असतात.

तिसरी पायरी : केवायसी आणि बँक

केवायसी म्हणजे तुमच्या ओळखीची खात्री. त्यासाठी सदस्य पोर्टलवर आधार, पॅन आणि बँक खातं जोडून घ्या. बँक खात्यासाठी आता चेकचा फोटो चढवावा लागत नाही आणि कंपनीच्या मंजुरीचीही वाट बघावी लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही अटी काढून टाकल्या. खात्यावरचं नाव आधारशी जुळलं की बँकेकडून खात्री होते.

आपल्याकडे बऱ्याच जणांचं एकमेव खातं गल्लीतल्या पतसंस्थेत असतं. ते इथं चालत नाही. स्वतःच्या नावावर, एकट्याचं, आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, असलेलं बँक खातं पाहिजे. बँकांच्या विलीनीकरणात कित्येकांचे आयएफएससी बदलले आणि जुन्या पासबुकावर जुनाच छापलेला आहे, तेव्हा शाखेतून नवा लिहून आणा. पॅन नसेल तर काढा. पाच वर्षांच्या आत ५०,००० वर फंड काढायची वेळ आली तर पॅन असताना १० टक्के कर कापतात, नसताना २० टक्के.

बँक खातं आधारशी जोडून घेण्याचं आणखी एक कारण आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात जे पहिल्यांदाच फंडात नोंदले जातील आणि ज्यांचा पगार एक लाखापर्यंत आहे, त्यांना पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेतून एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकल्यावर. दुसरा बारा महिन्यांनी, तोही आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम पुरा केल्यावर. त्यासाठी वेगळा अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणारे भेटतील. त्यांना वाटेला लावा.

चौथी पायरी : ईएसआय

ही नोंदणी मालकानं करायची असते, तुम्ही लागल्यापासून दहा दिवसांत. तुम्ही द्यायचं ते असं : स्वतःचं आणि घरच्यांचं आधार, सगळ्यांचा एकत्र फोटो, बँक पासबुक आणि दवाखान्याची निवड. घरच्यांमध्ये नवरा किंवा बायको, अवलंबून असलेली मुलं आणि तसेच आई-वडील येतात. तरणी पोरं "माझं एकट्याचंच घाला, बाकीचं नंतर" म्हणतात आणि आईच्या ऑपरेशनच्या वेळी पळापळ करतात. आत्ताच घाला.

दवाखाना निवडताना बायको-पोरं गावाकडं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा दवाखाना घेता येतो. हे टाइम ऑफिस आपणहून सांगत नाही.

नोंदणी झाली की दहा आकडी विमा क्रमांक मिळतो आणि ई-पहचान कार्ड निघतं. त्याची प्रिंट काढा, घरच्यांचा फोटो लावा, कंपनीची सही-शिक्का घ्या. एक प्रत कारखान्यातल्या लॉकरला, एक घरी आणि एक गावाकडं. यूएएनसारखाच हाही नंबर एकच असतो, म्हणून जुना असेल तर सांगा.

उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, कुटुंबालाही. कामावर अपघात झाला तर पगाराच्या ९० टक्के रक्कम, तीही किती दिवस वर्गणी भरली हे न बघता. प्रेसखाली बोट गेलं तर मालक खासगी दवाखान्यात नेतो, टाके घालतो, हातावर काही नोटा ठेवतो आणि "कशाला कागद करायचे" म्हणतो. कागद करायचेच. अपघाताची नोंद त्याच दिवशी अपघात वहीत झाली पाहिजे आणि अहवाल ईएसआयला गेला पाहिजे. त्या बोटाला कायमचं अधूपण आलं तर पुढच्या दरमहाच्या रकमेचा आधार तोच कागद आहे.

आजारपणाची रजा वेगळी. तिथं पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात, पण सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. अगदी नव्या माणसाला पहिले नऊ महिने हा रोख लाभ नसतो. बाळंतपणाला २६ आठवडे मिळतात.

पगार वाढून २१,००० च्या वर गेला तर लगेच ईएसआय बंद होत नाही, चालू सहामाही संपेपर्यंत चालतं. तोवर राहिलेली तपासणी, चष्मा, दात काय ते करून घ्या.

वारस

या पायरीला सगळे टाळतात, कारण मरणाची गोष्ट कोण काढणार. पण नोकरीत असताना काही झालं तर फंडाशिवाय विम्याचे जास्तीत जास्त सात लाख मिळू शकतात, ज्यासाठी तुमच्याकडून एक रुपया कापलेला नसतो. आणि पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी गेली असली तरी विधवेला पेन्शन बसते. हे पैसे मिळायला घरच्यांना जो त्रास होतो तो बहुधा वारसाचं नाव नसल्यामुळे.

सदस्य पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरा. वारसाचं आधार, फोटो आणि बँक खातं हाताशी ठेवा, शेवटी आधारच्या ओटीपीनं सही होते. लग्नाआधी आई-वडिलांचं नाव घातलं असेल तर लग्न झाल्यावर ते नॉमिनेशन रद्द ठरतं, नवं भरावं लागतं. अक्षता पडल्यावर महिन्याभरात एवढं करा.

ठेकेदाराकडून लागला असाल तर

एमआयडीसीतली निम्मी भरती हल्ली अशीच. गेट एका कंपनीचं, हजेरी ठेकेदाराची. फंड ठेकेदार भरतो, पण त्यानं नाही भरला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. हे कायद्यातच आहे, म्हणून "आमचा काही संबंध नाही" हे कंपनीचं उत्तर चालत नाही.

मालकानं पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. म्हणून दर महिन्याच्या विशीत नोंदणीकृत मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या. फोन आपोआप कटतो आणि शिल्लक एसएमएसनं येते. पासबुक उमंगवरही दिसतं. दोन महिने पगारातून कापलं आणि पासबुकात शून्य, तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. आधी टाइम ऑफिसला लेखी विचारा आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोचेची सही घ्या. मग ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर पगारपत्रकासह तक्रार टाका, किंवा १४४७० ला फोन करा. ईएसआयसाठी १८००-११-२५२६. फंडाचं क्षेत्रीय कार्यालय कोल्हापुरातच आहे, शनिवार-रविवार बंद. शिवाय दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरतं. २७ ला सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. प्रत्यक्ष अधिकाऱ्यासमोर बसायचं असेल तर हाच दिवस धरा, आणि चारही कागदांच्या प्रती बरोबर न्या.

फंडाच्या नोंदीतच नाव किंवा तारीख चुकली असेल तर १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघालेल्या, आधारनं तपासलेल्या यूएएनवर ती दुरुस्ती आता पोर्टलवर तुमची तुम्हालाच करता येते, कंपनीच्या सहीशिवाय. त्याआधीचा यूएएन असेल तर संयुक्त घोषणापत्र कंपनीमार्फत जातं. दोन्हीकडे प्रमाण मानलं जातं ते आधार, म्हणून पहिली पायरी पहिली.

ज्यांना फंडही नाही, ईएसआयही नाही

हुपरीत चांदीच्या घरगुती कामावर असाल, चप्पल शिवत असाल, चार जणांच्या हॉटेलात वाढपी असाल, डबे किंवा पार्सल पोचवत असाल तर ई-श्रमवर नोंदणी करा. वय १६ ते ५९, फंड-ईएसआयचे सदस्य नसलेले आणि प्राप्तिकर न भरणारे. आधार, आधारशी जोडलेला मोबाईल आणि बँक खातं एवढंच लागतं, नोंदणी फुकट. यातही बारा आकडी नंबर मिळतो आणि त्यालाही यूएएनच म्हणतात. फंडाच्या यूएएनशी त्याचा संबंध नाही. पुढे कारखान्यात लागल्यावर ई-श्रमचा नंबर टाइम ऑफिसला देऊन गोंधळ करू नका.

सेंट्रिंग, गवंडीकाम, फरशीवाले यांच्यासाठी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो.

बँकेत खातं असलेल्या प्रत्येकानं वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा घ्यावा. दोन्हीत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, आणि कारखान्यात असाल तरी ते वेगळं मिळतं.

नोकरी सोडताना

फंड काढून मोटारसायकल घ्यायचा मोह होतो. नवीन नोकरी लागणार असेल तर काढू नका, नव्या खात्यात वळवा. २०२४-२५ ला फंडावर ८.२५ टक्के व्याज होतं. शिवाय पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोकरी लागते, आणि पेन्शनचे पैसे काढले की ती वर्षं पुसली जातात.

जाताना शेवटची पगारपत्रकं, यूएएन कार्ड आणि सोडल्याचं पत्र घ्या. पोर्टलवर सोडल्याची तारीख कंपनीनं घालायला हवी. नाही घातली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः घालता येते. ती तारीख नव्या नोकरीच्या तारखेनंतरची पडली तर दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी चालल्यासारख्या दिसतात आणि पैसे वळवताना अडतं, तेव्हा घालायच्या आधी नेमणूकपत्रावरची तारीख बघून घ्या.